फोटोतली थाळी

बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास माझ्या मोबाईलमध्ये एक थाळी आली. कुणी पाठवली नव्हती, फोटोंच्या यादीत आपली आपण येऊन बसली. मी तेव्हा सुरतेत, पर्वत पाटियाच्या आमच्या कापड मार्केटच्या तळघरात, चौसष्ट कॅमेऱ्यांसमोर, डबा खाऊन जरा सैलावलो होतो. समोर जिने, लिफ्ट, पाठीवर गठ्ठे घेतलेले हमाल, साड्यांच्या ढिगामागे पेंगणारे शेठ, सगळं नेहमीसारखं चाललेलं. आणि हातात ही थाळी. स्टीलची, मोठी. वाटीत शेवभाजी, तिच्यावर बोटभर लाल तेल. भाकरी, ठेचा, कांद्याच्या चकत्या, ताकाचा ग्लास. समोरच्या बाजूला दुसरा ग्लास, अर्धा प्यालेला. आणि कोपऱ्यात एका पुरुषाचा हात, मनगटापर्यंतच. सोनेरी घड्याळ, जाडजूड अंगठी, नखं स्वच्छ कापलेली. थाळीखालच्या कागदावर अक्षरं होती, 'आमराई'. वेळ एक वाजून अडतीस मिनिटं. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, त्या हाताचे केस मोजता येतील इतका मोठा केला.

हा फोटो माझ्याकडे का आला हे मला लगेच कळलं, तेवढं मला कळतं. माझा पहिला चांगला मोबाईल कतारगामच्या एका दुकानातून घेतला होता. दुकानदाराने माझ्या नावाचं खातं उघडून दिलं आणि सांगितलं, पासवर्ड कुणाला देऊ नका. मी कुणाला दिला नाही. फक्त नवा मोबाईल घेतल्यावर जुना तसाच्या तसा घरी दिला, खातं न काढता. काढायचं कशाला, घर एकच आहे, असं मी म्हणालो होतो, आणि लोटूने, म्हणजे आमच्या मार्केटच्या गेटवरच्या गार्डने, मान डोलावली होती. आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत निम्म्या घरांत हेच आहे. बापाच्या नावाचं खातं, आणि त्यात बायको, पोरं, गावाकडचा मेव्हणा, सगळे कोंबलेले. त्यामुळे घरच्या मोबाईलमध्ये काढलेला फोटो माझ्याकडे येतो. आजवर काय येत होतं? गॅसची पावती, सणाची रांगोळी, हर्षदाच्या मैत्रिणीची मेंदी. मी ते बघतही नव्हतो. सोळा वर्षं दुसऱ्यांचं बघून डोळ्यांत खडे खुपायला लागतात, आणखी घरचं कोण बघणार.

हर्षदा. दुसरं कोण असणार? बावीस वर्षांची, कतारगामला हिऱ्यांच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. वीस तारखेला तिचा साखरपुडा, नंदुरबारकडचा मुलगा, संदीप, शांत, निर्व्यसनी, मीच शोधलेला. तिचा स्वतःचा मोबाईल आहे, तो तिचा चेहरा बघूनच उघडतो. एकदा मी तो माझ्या तोंडासमोर धरून पाहिला होता, तर तो काळाच राहिला, आणि ती मागून हसत म्हणाली होती, "पप्पा, ए मारुं पर्सनल छे." तेव्हा मीही हसलो होतो. आता विचार करू लागलो, की हुशार पोरगी आपल्या मोबाईलमध्ये असलं काही ठेवणारच नाही. ती घरचा मोबाईल पिशवीत टाकून नेईल, चूक झाली तर आईवर जाईल. चोर कधीच स्वतःच्या पिशवीत माल ठेवत नाही, हे मी चौसष्ट कॅमेऱ्यांत शिकलोय. माझ्या बायकोचा, अनुसयेचा, विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. अनुसया आणि हॉटेल हे दोन शब्द मी कधी एका वाक्यात ठेवले नव्हते.

त्या संध्याकाळी मी नेहमीच्या वेळेला घरी गेलो, चपला नेहमीच्या जागी काढल्या. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही हे ठरवलेलं होतं. संशयित माणसाला कळू द्यायचं नसतं की आपण बघतोय. अनुसयेने ताट वाढलं. हर्षदा एका हाताने जेवत होती, दुसऱ्या हाताने मोबाईल.

"आज दुपारले काय खादं व?" मी विचारलं.

तिने मान वर केली नाही. "डबा. दुसरं काय?"

"कोठे बसीन?"

"ऑफिसमध्ये, पप्पा. कॅन्टीन छे ने अमारे."

"कोनासंगे?"

आता तिने वर बघितलं. "वैशालीसोबत. का?"

"जेवू द्या ना पोरगीले," अनुसया भाकरी शेकता शेकता म्हणाली, तिची पाठ माझ्याकडे होती. "दिनभर काम करी येस ती बी."

पोरगी तडक खोटं बोलतेय आणि आई तिला पाठीशी घालतेय, असं मला वाटलं, आणि रागापेक्षा आधी एक भीती वाटली, ती सांगायला लाज वाटते. मुलीचं काही असलं तर ते मला शेवटी कळेल. आधी तिच्या ऑफिसातल्या वैशालीला कळेल, सोसायटीला कळेल, नंदुरबारला कळेल, आणि मग मला. ज्याची नोकरीच सगळ्यांच्या आधी बघण्याची, त्याला. मी भाकरी मोडली आणि म्हणालो, भाजीला आज चव नाही. ते मी रोजच म्हणतो.

मग आठवडाभर मी घर तपासलं. घरचा मोबाईल रात्री चार्जिंगला असायचा, त्यात काही सापडलं नाही, तो फोटोही नाही. म्हणजे काढून टाकलेला. पण काढून टाकलेलं घरच्या मोबाईलमधून गेलं होतं, माझ्यातून का गेलं नाही ते मला समजलं नाही, आणि न समजता मी त्याचे आभार मानले. कंट्रोल रूममध्ये बसून मी त्या हॉटेलची सगळी माहिती काढली. कॅनॉल रोडला नवं उघडलेलं, दोनेक वर्षांपूर्वीचं. दारात लाकडी बैलगाडी, आत खाटा, पितळी हंडे, सगळा देखावा. एक थाळी तीनशे चाळीस रुपये, वर टॅक्स. शेवभाजी आणि भाकरीला तीनशे चाळीस! आम्ही सुरतेला आलो ते ह्या शेवभाजीपासून लांब पळून, आणि आता लोक गाडी काढून, रांगेत नाव लिहून, तीच खायला जातात. खाऊन झाल्यावर तारे देतात. शीतल नावाच्या कुणी बाईने पाच तारे देऊन लिहिलं होतं, माहेरची आठवण आली. मला कळेना, माहेर इतकं महाग कधी झालं. आणि दोन थाळ्यांचे सातशे रुपये माझ्या पोरीवर उधळणारा तो सोनेरी घड्याळवाला कोण, ह्या विचाराने मी एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरची खरी चोरी बघितलीच नाही. एक माणूस साड्यांचं बंडल घेऊन कॅमेरा बाविसातून तेविसात, तेविसातून चोविसात गेला, माझे डोळे त्याच्यावर होते, आणि मी त्याला जाऊ दिलं. मॅनेजर माझ्यावर ओरडला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या बुधवारी मी लोटूला खुर्चीत बसवलं. म्हणालो, दाताच्या डॉक्टरकडे जातोय. बाईकवर बसलो तेव्हा साडेबारा झाले होते, ऊन असं की हँडल धरवेना. काय करायचं ते ठरलं होतं. तोंडातून शब्द काढायचा नाही. सरळ टेबलापाशी जायचं, पोरीचं मनगट धरायचं, आणि उठवायचं. त्या घड्याळवाल्याकडे बघायचंही नाही. मी हे इतक्या वेळा मनात केलं होतं की माझ्या उजव्या हाताला ते पाठ झालं होतं. सिग्नलला थांबलो तरी बोटं आपोआप मिटत होती. माझ्या मनात कुठेतरी असंही होतं की ती तिथे नसावी. पण ते मी पुढे येऊ दिलं नाही, कारण ती नसती तर इतके दिवस मी कुणाचा राग करत होतो?

आमराईत आत गार होतं. मी दाराजवळचं, भिंतीला पाठ लागेल असं टेबल घेतलं, सात नंबरचं. तिथून सगळा हॉल दिसत होता. चार बायकांचं टोळकं, एक मारवाडी कुटुंब, ऑफिसची पोरं. हर्षदा नव्हती. मेनू मागितला तर वेटर टेबलावर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाला, "स्कॅन कर लो काका." स्कॅन केलं तर त्याने आधी माझा मोबाईल नंबर विचारला. मग नाव. मग लोकेशन चालू करा म्हणाला. भाकरी खायला माझं लोकेशन कशाला, मी इथेच तर बसलोय! ह्यांना नंबर दिला की उद्यापासून रोज मेसेज, परवा कुणीतरी बँकेतून बोलतोय म्हणून फोन करणार. मी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणालो, "थाली ले आ. एक." वेटरने खांदे उडवले.

एक वाजला. एक वीस. मला घाम फुटत होता, एसीत. शेवटी मी हर्षदाला व्हिडिओ कॉल लावला. मी तिला कधीच व्हिडिओ कॉल करत नाही. तिने उचलला, मागे पांढऱ्या ट्यूबलाइट, माणसं मान खाली घालून बसलेली.

"पप्पा? काय झालं? मम्मी बरी छे ने?"

"काही नही. तू कोठे शे?"

"ऑफिसला." तिने मोबाईल गोल फिरवला. वैशाली हात हलवून गेली. मग हर्षदाचा चेहरा पुन्हा आला, आणि तो बदलला होता. "तुम्ही मला चेक करून ऱ्हायले का?" मी उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली, "तुमच्या मागे काय आहे ते? तुम्ही कुठे आहात, पप्पा?" मी कॉल बंद केला. तिच्या आवाजात शेवटी राग नव्हता. ती घाबरली होती. ऑफिसात बसलेली, काही न केलेली पोरगी माझ्या मागची भिंत बघून कशाला घाबरेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात उगवला आणि तेवढ्यात थाळी आली.

फोटोतली तीच थाळी. भूक नव्हती, पण नुसतं बसलं तर लोक बघतात, म्हणून मी भाकरी उचलली. आणि उचलल्यावर हात तसाच राहिला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, पातळ, गोल, आणि तिच्या कडेला सगळीकडून बारीक खळगे. एका अंतरावर एक, एका अंतरावर एक. अशी भाकरी माझ्या ताटात अकरा वर्षं येतेय. थापताना अनुसयेची करंगळी वाकडी पडते, सरळ होतच नाही, आणि प्रत्येक फेरीला कडेला टोचते. मी एकदा म्हणालोसुद्धा होतो, नीट थाप ना, उंदराने खाल्ल्यासारखी दिसते.

ती करंगळी. अकरा वर्षांपूर्वी ती लिंबायतला साड्यांवर खडे चिकटवायच्या कामाला जाऊ लागली होती, मला न विचारता. पंधरा दिवसांनी मला लोटूने सांगितलं, त्याच्या बायकोने पाहिलं होतं. मी तिथे गेलो. वीस-बावीस बायका जमिनीवर बसलेल्या, मध्ये ती, मांडीवर जांभळी साडी, आणि कशावर तरी हसत होती. मी एक शब्द बोललो नाही. मनगट धरलं आणि बाहेर आणली. तिने दुसऱ्या हाताने शटर धरून ठेवलं, मी ओढली, शटर खाली आलं. एवढंच झालं. मी बायकोवर कधी हात उचलला नाही, हे मी चारचौघांत सांगतो, आणि ते खरं आहे असं मला त्या दुपारपर्यंत वाटत होतं. चार दिवसांनी सूज उतरेना तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाला, उशीर झाला. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली होती, त्या साडीनं काम अर्ध ऱ्हायनं.

मी घास घेतला. शेवभाजीत तिचा काळा मसाला होता, खोबरं जरा जास्त जाळलेला. चव होती. आयुष्यात पहिल्यांदा मला ती चव लागली, कारण मी ती परक्या टेबलावर, पैसे देऊन खात होतो. आणि लगेच, त्या घासावरच, संताप चढला. ती इथे. तो फोटो तिनेच काढलेला, आपल्या हातच्या थाळीचा. माझी बायको हॉटेलात चूल फुंकते, आणि तीनशे चाळीस रुपये टाकणारा कुणीही तिची भाकरी खातो, आणि पाच तारे देतो! सगळ्यांना ठाऊक, शीतलला ठाऊक, हर्षदाला ठाऊक. मी उठलो. ग्लास लवंडला. माझा उजवा हात मिटलेला होता, आठवडाभर ज्याची तालीम केली ते त्याला फक्त दुसऱ्या माणसावर करायचं होतं.

हॉलच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार होतं, वर अर्धी काच. मी ढकललं तर उघडेना. आतून कडी होती. काचेतून दिसलं, अनुसया ओट्यापाशी उभी होती, डोक्याला पांढरा रुमाल, हात पिठाने भरलेले. मी काचेवर थाप मारली. ती दचकली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग हात धुतले, नीट, दोन्ही बाजूंनी, आणि पदराला पुसले. तिच्या डोक्यावर भिंतीला एक छोटा स्क्रीन होता. त्यात हॉल दिसत होता. सात नंबरचं टेबल अगदी मधोमध, लवंडलेला ग्लास, माझी थाळी. मी आत आल्या क्षणापासून ती मला बघत होती.

माझ्या डाव्या बाजूला हॉटेलचा गार्ड येऊन उभा राहिला. हात मागे बांधून, नुसता एक पाऊल जवळ. उजव्या बाजूला सोनेरी घड्याळ. मालक पन्नाशीचा, कपाळाला गंध, आवाज हळू.

"काका, अंदर अलाउड नथी."

"मेरी..." मी म्हणालो.

"दो साल से बेन मेरे यहां है," तो म्हणाला, "पहले दिन ही बोली थी. कॅमेरा लगाओ, दरवाजे को अंदर से कडी लगाओ, फिर आऊंगी. बोली, घर से कोई आये तो छोडना नहीं. मैंने पूछा नहीं क्यों." त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी रोज जसा लोकांना पाहतो तसा. "आप हो क्या, वो?"

मारवाडी कुटुंब जेवायचं थांबलं होतं. मला वाटत होतं की तिने म्हणावं, ओळखत नाही. तसं म्हणाली असती तर मी ओरडलो असतो, काच फोडली असती, मला हक्क मिळाला असता. कडी काढल्याचा आवाज आला. दार उघडलं आणि ती उंबऱ्यावर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिचे दोन्ही हात मोकळे, खाली सोडलेले, मनगटं उघडी. तिचा खालचा ओठ थरथरत होता. ती भ्यालेली होती, आणि तरी आली होती. ती मला भिते हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं, आणि ते नवीन नव्हतं हेही दिसलं.

"शुं करवानुं, बेन?" मालकाने विचारलं. "बाहर करवाऊं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मालकाकडे वळून म्हणाली, "हर्षदा के पप्पा है. खाना आधा रह गया उनका. बैठने दो."

"और बिल?"

"मेरे पगार में से काट लेना."

मग माझ्याकडे, आमच्या बोलीत, आवाज जरा खाली घेऊन, "तुमले येतांना दखं मी. मंगच भाकर टाकी. जा, बठा. थंडी व्हई ऱ्हायनी."

हात कधी उघडला ते मला कळलं नाही. ती आत गेली आणि तिने दार लावलं, कडी मात्र घातली नाही, ती घातल्याचा आवाज मी ऐकायला थांबलो होतो. गार्ड माझ्यासोबत सात नंबरपर्यंत आला. वेटरने लवंडलेलं पाणी पुसलं आणि ग्लास पुन्हा भरून ठेवला. मी खाली बसलो. समोर अर्धी भाकरी होती, सगळा हॉल मला बघत होता, आतून तीही बघत असणार, आणि ती भाकरी संपवल्याशिवाय उठायची माझी हिंमत नव्हती.